श्रीखंडाच्या झाकणाचा कान

भायखळ्यात वाढलेल्या माणसाला वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन बघायची सवय असते. किंमत, रंग, वॉरंटी वगैरे नंतर. हा दोष आमचा नाही, वस्तीचा आहे. १८५८ साली सुरू झालेला रिचर्डसन अँड क्रुडासचा लोखंडकामाचा कारखाना इथला. राणीबागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. आत मातीच्या बाहुल्या आहेत, जहाजांच्या प्रतिकृती आहेत, जुन्या मुंबईचे नकाशे आहेत, पण आमच्याकडचा माणूस तिथून बाहेर पडला की बोलतो ते बिडाच्या खांबांबद्दल. पलीकडे माझगाव डॉकमध्ये युद्धनौका बांधतात. आणि उड्डाणपुलाच्या फाट्यांमध्ये खडा पारशीचा पुतळा उभा आहे, बिडाच्या उंच खांबावर, खालच्या वाहतुकीशी आपला काही संबंध नसल्यासारखा. अशा ठिकाणी प्लास्टिकच्या वस्तूला कोण विचारतो? ती घेतात, वापरतात, पण घरात तिची ओळख करून देताना आवाज खाली येतो.

तेव्हा मी हातात मावणारा संगणक घेतला तो धातूच्या कवचाचा घेतला, यात नवल काही नाही. सात इंची पडदा, त्याखाली बोटं जपून चालवावीत असा कळफलक, आणि सगळा जामानिमा ॲल्युमिनियमच्या पेटीत बंद. विकणाऱ्याने तो काउंटरवर ठेवला तेव्हा टण्णकन आवाज आला आणि माझ्यापुरता व्यवहार तिथेच संपला. ॲल्युमिनियम म्हणजे लोखंड नव्हे, हे मला कळतं. पण घराणं एकच.

हे यंत्र कशाला, असा प्रश्न घरात निघालाच. गॅलरीत बसून लिहीन, असं मी सांगितलं. आमची इमारत स्टेशनजवळची, दगडी जोत्याची, सागवानी जिन्याची, आणि पुढून मागून सामायिक गॅलरी असलेली. आत दोन खोल्या. त्यात टीव्ही, कुकर आणि आई. लिहायला उरते ती गॅलरीच. तिथे वारा येतो, लोकलचा आवाज येतो, फोडणीचे वास येतात. येत नव्हतं ते फक्त वायफाय.

म्हणजे इतरांना यायचं. आईचा स्वस्तातला, पाठीवर चरे पडलेला प्लास्टिकचा फोन गॅलरीच्या पार टोकाला, नळाजवळसुद्धा उकडीच्या मोदकांचे व्हिडिओ न अडखळता दाखवायचा. माझं देखणं यंत्र उंबरठा ओलांडला की मान टाकायचं. राउटर आत, भांड्यांच्या मांडणीच्या वर, देवांच्या फोटोशेजारी ठेवलेला. त्याच्यापासून गॅलरीतली माझी खुर्ची जेमतेम वीस पावलांवर. एवढ्या अंतरावरून आमच्याकडे चहा ओरडून मागवतात.

लहरींचा जोर मोजायची एक पद्धत आहे, तिच्यात सगळे आकडे उणे असतात. एक मिलीवॅट म्हणजे शून्य. त्याखाली दर दहा पायऱ्यांना जोर दहा पटींनी घटतो. उणे ६० म्हणजे एका मिलीवॅटचा दहा लाखावा भाग, आणि एवढ्यावर ही यंत्रं खूश असतात. उणे ८० म्हणजे दहा कोटीवा भाग. तिथे ती कुरकुरायला लागतात. शाळेत उणे गुणांची धास्ती घेतलेल्या माणसाला ही मोजणी जवळची वाटावी. गॅलरीत आईचा फोन उणे ६० च्या आसपास दाखवायचा आणि माझं यंत्र उणे ७९. हवा तीच, राउटर तोच, देवही तेच.

संशय पेटीवर होता. खात्री करून घ्यायला मी आईच्या अपरोक्ष तिचा फोन स्टीलच्या डब्यात ठेवला. डबा बेसनाचा, रिकामा झालेला, घासून पुसून ठेवलेला. झाकण नुसतं वर टेकवून माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. डब्यातून रिंग वाजली, स्टीलमुळे जरा देवळातल्यासारखी. मग झाकण तळहाताने दाबून घट्ट बसवलं आणि पुन्हा नंबर लावला. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं एका बाईने सांगितलं. ती व्यक्ती माझ्या मागेच उभी होती. फोन बेसनाच्या डब्यात का, या प्रश्नाला मायकेल फॅरडे हे उत्तर आईला पटलं नाही.

पण उत्तर तेच होतं. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडे यांनी १२ फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा लाकडी सांगाडा उभारला, त्याला धातूच्या तारा आणि कथलाचा वर्ख गुंडाळला, बाहेरून विजेचा भडिमार करायला सांगितलं आणि स्वतः उपकरणं घेऊन आत जाऊन बसले. बाहेर ठिणग्या उडत होत्या; आतल्या उपकरणांना त्याची गंधवार्ता नव्हती. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. बाहेरून विजेची चाहूल लागली की ते लगबगीने सरकतात आणि आतल्या बाजूचा हिशेब बरोबर शून्यावर आणून ठेवतात. फॅरडे लोहाराचा मुलगा. पेटी कशी बांधावी हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. भायखळ्यात रमले असते.

आता डब्याच्या झाकणाची गोष्ट. नुसतं टेकवलं होतं तेव्हा कडेला फट होती, आणि लहरींना फट पुरते. फटीची रुंदी नव्हे, लांबी महत्त्वाची. वायफायची नेहमीची लहर साडेबारा सेंटिमीटरची; तिच्या निम्म्याएवढी लांब फट मिळाली तर ती केसासारखी बारीक असली तरी लहर तिच्यातून ये-जा करते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच जातीच्या लहरींवर चालतो. त्याच्या दारातल्या जाळीची भोकं एखाद-दोन मिलिमीटरची ठेवतात ती म्हणूनच. उजेड बाहेर येतो आणि आपल्याला आत फिरणारा भात दिसतो, लहर मात्र आत राहते. धातूच्या फोनच्या पाठीवर प्लास्टिकच्या ज्या बारीक रेघा असतात, त्या शोभेच्या वाटतात. त्या फटी आहेत. कारखानदाराने पेटी देखणी केली आणि मग गुपचूप चार ठिकाणी चिरली.

माझ्या यंत्राच्या कारखानदाराने चिरायला काटकसर केली होती, एवढंच.

सगळ्यांनी दिलेला पहिला सल्ला म्हणजे मोठा राउटर घ्या. चार शिंगांचा मिळतो, आठ शिंगांचाही मिळतो, पालथ्या पडलेल्या कोळ्यासारखा. पण वायफाय हे भाषण नसून संभाषण आहे, हे लोक विसरतात. राउटरने सांगितलेलं यंत्राने ऐकलं पाहिजे आणि यंत्राने दिलेली पोच राउटरपर्यंत पोचली पाहिजे. मोरीत कडी लावून, नळ सोडून आंघोळ करणाऱ्याला बाहेरून कितीही मोठ्याने विचारलं, तरी त्याने दिलेलं उत्तर आपल्याला कुठे ऐकू येतं? कान आणि तोंड दोन्ही त्या छोट्या यंत्रातच सुधारायला हवे होते, आणि यंत्रात ही दोन्ही कामं एकच अवयव करतो. त्याला अँटेना म्हणतात. आमच्याकडे एरियल म्हणतात.

शेजारचे काका एरियलच म्हणतात. ते डॉकमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. संध्याकाळी गॅलरीत त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून असते आणि त्यांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर असतो. मी यंत्र खिडकीच्या गजांपासून लांब धरून, मग उंच धरून, मग आडवं करून पाहत होतो, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, एरियल आहे कुठे त्याची?"

"आत आहे, काका."

"आत म्हणजे? या पत्र्याच्या आत?"

"हो."

"बोटीत एरियल पोटात ठेवतात काय रे?" काका म्हणाले. "इंजिनं पोटात, माणसं पोटात. एरियल डोलकाठीवर. सगळी बोट लोखंडाची, मग लहर आत येणार कशी? आम्हाला नवीन असताना पहिल्या आठवड्यात सांगायचे." आणि त्यांनी ट्रान्झिस्टर किंचित उजवीकडे वळवला. बातम्या स्पष्ट झाल्या.

मला वाटतं, एरियल दिसण्याची लाज आपल्याला अलीकडेच वाटायला लागली. आमच्या लहानपणीच्या रेडिओला ही लाज नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची; तिच्यावर धूळ बसायची, दिवाळीत ती काढून धुवायची, आणि पाहुण्यांना ती दिसली म्हणून कुणी ओशाळत नसे. उलट, घरात रेडिओ आहे याची ती पाटी होती. तेव्हा नुसतं ऐकायलासुद्धा परवाना लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. हे १९८० च्या दशकापर्यंत चाललं. वायफायच्या नेहमीच्या लहरी आपल्याकडे परवान्याच्या जाचातून सुटल्या त्या २००५ साली. आज माझ्या गॅलरीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची जी ढीगभर नेटवर्क दिसतात, ‘पासवर्ड विचारू नये’ या नावाच्या नेटवर्कसकट, त्यांना पोस्टातल्या त्या खिडकीशी उभं केलं असतं तर रांग चिंचपोकळीपर्यंत गेली असती.

मग दूरदर्शन आलं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यालाही दिसू लागलं. सिंहगडाने आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, हेही पाहिलं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर एकेक करत ॲल्युमिनियमच्या काड्यांची झाडं उगवली. काड्यांची ही रचना १९२६ साली जपानमध्ये उदा आणि यागी या दोघांनी केली; तिला जपानमध्ये तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांना एका इंग्रज रडारवाल्याची वही सापडली. तिच्यात वारंवार ‘यागी’ असं लिहिलेलं. हे काय, म्हणून त्यांनी कैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, अहो, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव! आमच्या गच्चीवर यागींची चौकशी कुणी केली नाही. तिथे एकजण काठी फिरवायचा, खोलीतला ओरडायचा, जिन्यावरचा पोरगा निरोप वर पोचवायचा. निरोप पोचेपर्यंत काठी पुढे गेलेली असायची. चित्र उत्तम आलं की वरच्याने हात सोडायचा आणि चित्र जायचं, कारण तोपर्यंत त्या एरियलचा एक भाग तो स्वतः होता. भिजलेला माणूस विशेष चालायचा.

त्या सगळ्या वस्तू कुरूप होत्या आणि त्यांना ऐकू येत होतं. नंतर वस्तू सुंदर होत गेल्या. आधी फोनचं शेपूट कापलं, मग एरियल पोटात गेली, मग पोटाला धातूचं कवच आलं. २०१० साली ॲपलने एरियल फोनच्या काठावरच, स्टीलच्या पट्टीत आणून बसवली. कल्पना चांगली होती, पण माणसं फोन हातात धरतात. विशिष्ट जागी हात लागला की आवाज जायचा. शेवटी कंपनीने गिऱ्हाइकांना फुकट रबरी कव्हरं वाटली. म्हणजे जगातल्या सर्वांत देखण्या फोनवर उपाय काय, तर त्याला झबलं घाला.

एरियलच्या लांबीचा एक साधा हिशेब आहे: लहर जेवढी लांब, तिच्या चौथ्या हिश्शाएवढी काठी असली की ती लहरीला चांगली धरते. हा हिशेब कळल्यापासून मला शहरातल्या उभ्या वस्तू मोजायची खोड लागली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चौपाटीवरून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. केंद्र ‘हिंदुस्थानात कुठेतरी’ असल्याचं सांगितलं जाई आणि लहर मात्र नेमकी: ४२.३४ मीटर. पोलीस लहरीचा माग काढत यायचे, म्हणून जागा सारखी बदलावी लागे; १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालून पकडलं. माझ्या डोक्यात येतं ते असं, की ४२.३४ चा चौथा हिस्सा म्हणजे साडेदहा मीटरहून थोडा जास्त. एवढी तार दर वेळी नव्या इमारतीत कुणाला न दिसता ताणायची! आणि आमचा खडा पारशी सुमारे ४० फूट, म्हणजे बारा मीटर. पूर्ण धातूचा, चौकात उघड्यावर उभा. चारपाच फूट जास्त आहे, पण एवढं चालवून घेता आलं असतं. पोलिसांनी सगळी गिरगाव-चौपाटी धुंडाळली असती आणि एरियल त्यांच्या डोक्यावर पगडी घालून उभी असती.

त्या हिशेबाने वायफायला काठी लागते तीन सेंटिमीटरची. करंगळीच्या दोन पेरांएवढी. एवढ्याशा वस्तूला मोकळी जागा मिळत नव्हती, म्हणून माझं लेखन अडलं होतं.

लॅमिंग्टन रोडला गेलो. डॉक्टर दादासाहेब भडकमकरांचं नाव त्या रस्त्याला देऊन जमाना झाला, पण रेझिस्टर आणि कपॅसिटर अजून लॉर्ड लॅमिंग्टनच्याच रस्त्यावर मिळतात. भायखळ्याहून नागपाड्यावरून चालत गेलं की वाटेत जुन्या मोटारींचे सुटे भाग, जुनं फर्निचर, खिमा पाव असं सगळं ओलांडून आपण अशा दुकानात पोचतो जिथे काउंटर दोन फुटी आणि माल दोन हजार जातींचा. मी लहान वायफाय अँटेना मागितली.

"कनेक्टर बडा के छोटा?" दुकानदार वर न बघता म्हणाला.

मी फोन काढून नेटवरून उतरवलेला यंत्राच्या पोटाचा फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मागच्या खणातून प्लास्टिकची पिशवी टाकली. "छोटा. दो लेके जाओ. एक टूटेगा." त्याच्या आवाजात धमकी नव्हती, अनुभव होता. मी दोन पिशव्या घेतल्या. प्रत्येक पिशवीत पिवळट पारदर्शक पट्ट्या होत्या, आत तांब्याची वळणावळणाची नक्षी, मागे चिकट कागद, आणि प्रत्येकीला मिलिमीटरभर जाडीची काळी वायर. वेष्टनावर एरियलच्या ताकदीचा भलामोठा आकडा छापलेला. त्याविषयी विचारलं तर तो हसला. आकडा सोडा, म्हणाला, लावणार कुठे ते सांगा. या धंद्यातलं सगळं शहाणपण त्या एका वाक्यात होतं आणि त्याचे त्याने वेगळे पैसे लावले नाहीत.

यंत्र उघडायचं काम रविवारी दुपारी केलं, आई झोपल्यावर. जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरला, म्हणजे स्क्रू पडला तर दिसेल. खालचं झाकण निघालं तेव्हा बॅटरीने तीनचतुर्थांश जागा खाल्लेली दिसली. एका कोपऱ्यात वायफायचं कार्ड, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं, आणि त्यातून दोन वायरी निघालेल्या, एक काळी, एक करडी. त्यांचा माग काढत गेलो. एक बिजागरीखालच्या प्लास्टिकच्या अरुंद पट्टीमागे कोंबलेली होती. दुसरी सरळ ॲल्युमिनियमच्या पोटालाच चिकटवलेली! धातूला चिकटवलेली एरियल म्हणजे बोलून चालून बहिरी. लहर धातूवर आपटते, उलटी होऊन परतते, आणि येणारी व परतणारी एकमेकींना पुसून टाकतात. शिवाय शेजारी प्रोसेसर आणि वेगवान यूएसबीचं खोकं, दोघेही अखंड पुटपुटणारे. यूएसबीच्या त्या नव्या जातीची पुटपुट तर नेमकी वायफायच्याच लहरीवर येते.

कनेक्टर काढणं हे या कामातलं सर्वांत नाजूक प्रकरण. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्या आकाराची ती सोनेरी टोपी खालच्या खुंटीवर बसलेली असते. ओढायची नाही, खालून नखाने सरळ वर उचलायची. बसवताना खुंटीवर अलगद टेकवून, दोन्ही बाजूंनी सरळ आहे ना हे बघून, बोटाच्या टोकाने दाबायची. बरोबर बसली तर एक टिक येते. ती कानाला येत नाही, बोटाला कळते. या टोप्यांना फार वेळा काढणं-घालणं सोसत नाही; मोठ्या जातीच्या कनेक्टरबद्दल बनवणारेच साधारण तीस वेळांची हमी देतात, आणि ही धाकटी त्याहून नाजूक. त्यामुळे ‘बघू या का परत एकदा’ हा आपला राष्ट्रीय बाणा इथे आवरावा लागतो.

पहिली पट्टी पंख्याच्या प्लास्टिक जाळीमागे बसली. तिथे धातू थांबतो आणि लहरींना खिडकी मिळते. दुसरीसाठी आत जागाच नव्हती. कुठेही ठेवा, मागे पत्रा. मी काकांचं बोलणं आठवून वायर पंख्याच्या फटीतून सरळ बाहेर काढली. आता बाहेर ती बसवायची कशावर? धातूवर नको, लाकूड जाड, पुठ्ठा पावसाळ्यात टिकायचा नाही. स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या डब्याचं झाकण सापडलं. मऊ, पातळ, वाकणारं, आणि लहरींच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखं. त्याची बोटभर पट्टी कात्रीने कापली, पडद्याच्या मागच्या बाजूला फोमच्या टेपने चिकटवली आणि चार सेंटिमीटर वर, काठाच्या बाहेर येऊ दिली. त्या बाहेर आलेल्या भागावर एरियल. आतली आडवी, बाहेरची उभी, कारण राउटरकडून येणारी लहर भिंतींवर आणि भांड्यांवर आपटत कशीही तिरपी होऊन येते. एकीला नाही सापडली तर दुसरीला सापडावी. झाकणावरचं केशरी वेलचीचं चित्र अर्धं कापलं गेलं. उरलेलं अर्धं पट्टीवर दिसतं.

गॅलरीत येऊन सुरू केलं. उणे ६२. सतरा पायऱ्यांची चढण म्हणजे हिशेबाने सुमारे ५० पट जोर. यंत्राचं दर्शन मात्र पन्नास पटींनी उतरलं होतं. समोरच्या खोलीतला शाळकरी मुलगा येऊन बराच वेळ बघून म्हणाला, "काका, याला कान आलाय?" आईने श्रीखंडाचं झाकण ओळखलं आणि डबा आता कशाने झाकायचा, असा रास्त प्रश्न विचारला. तिच्या फोनच्या डबा-प्रवासानंतर माझ्या शास्त्रीय कामांकडे ती याच नजरेने बघते. मला स्वतःला तो कान आवडायला लागला आहे. यंत्र बॅगेत ठेवताना तो वाकतो, बाहेर काढलं की पुन्हा उभा राहतो. कंपनीने हे यंत्र असंच विकलं असतं तर मी ते घेतलं नसतं, हेही खरं.

ज्या संध्याकाळी हे झालं त्या संध्याकाळी गॅलरीत पहिली गोष्ट आली ती म्हणजे दोन जीबीचं अपडेट. ते उतरत असताना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी काकांना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी कान दोन बोटांत धरून पाहिला, झाकण कुठल्या डेअरीचं ते विचारलं, आणि टेबलावर उरलेल्या दुसऱ्या पिशवीकडे बोट केलं.

"ही शिल्लक आहे ना? माझ्या रेडिओला लागेल?"

मी म्हटलं, "काका, ही तीन सेंटिमीटरची. तुमची अस्मिता वाहिनी येते ५५८ किलोहर्ट्‌झवर, ती लहर ५३७ मीटर लांब. ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटची कांडी असते म्हणून भागतं. तुम्ही तो वळवता ना, ते त्या कांडीचं तोंड वळवता. खरीखुरी एरियल लावायची तर १३४ मीटर तार ताणावी लागेल. आपल्या गच्चीवरून निघून पार स्टेशनच्या दिशेने."

काकांनी गॅलरीतून खाली वाकून स्टेशनच्या बाजूला पाहिलं. मध्ये दोन इमारती, एक पिंपळ आणि बेकरीचं धुराडं.

"पिंपळाला बांधता येईल," ते म्हणाले. "तार आहे माझ्याकडे. पोटमाळ्यावर आहे, उद्या शिडी आण."